कचरा आणि कष्टकरी : एका उपेक्षित उद्योगाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आमची फार झाली नाही. जे काही शिकलो ते कारखान्यांच्या द्वारसभांत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातून घडली आणि त्या हाताला काय मिळाले, हा प्रश्न आमच्या मनात पहिल्याने येतो. आज हाच प्रश्न आम्ही एका अगदी क्षुद्र मानलेल्या वस्तूसंबंधी विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे आपण रोज सकाळी दाराबाहेर ठेवतो तो कचरा.

सांप्रत पर्यावरण हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. टाकाऊतून टिकाऊ, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे मुलांनाही पाठ असते. ऐकणाऱ्याला वाटावे की हे ज्ञान कोणा परदेशी पंडिताने परवा-परवा आपल्याला दिले. वास्तविक, टाकलेल्या वस्तूचा पुन्हा उपयोग करणे हा आपल्या देशातला फार जुना उद्योग आहे. त्याचा इतिहास मात्र कोणी नीट मांडला नाही, कारण तो करणाऱ्यांना उद्योगी म्हणावे असे कोणाला वाटले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्या ज्या ठिकाणी हे काम करणारा कष्टकरी संघटित झाला आणि त्याला कामाचा मोबदला मिळाला, त्या त्या ठिकाणीच कचऱ्याचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला. इतर ठिकाणी केवळ कचऱ्याची जागा बदलली.

प्रथम आपल्या पायाखालचीच जमीन पाहू. खारदांडा हे मूळचे कोळ्यांचे गाव. आजूबाजूला बंगले आणि उंच इमारती झाल्या तरी दर्याकडची वस्ती अजून आपली ओळख राखून आहे. जुन्या काळी या गावात कचरा म्हणावा असा पदार्थच थोडा होता. जाळी तागाची आणि सुताची. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून टिकाऊ करायची, फाटली की म्हाताऱ्या माणसांनी ओट्यावर बसून विणायची, अगदीच कामातून गेली की दोर वळायला घ्यायची. होडीची फळी निकामी झाली तर ती चुलीत. बोंबील आणि सुकट वाळवून विकायची. जी मासळी विकण्याजोगी नसेल तिचे खत. वसईकडच्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागा अशा मासळीच्या खतावर पोसल्या गेल्या. कोळणीची पाटी बांबूची, मासळीवर झाकायला झाडाची पाने. गावातून जे बाहेर जाई ते कोणाच्या तरी उपयोगी पडे.

देशावरच्या खेड्यातही हेच. घरामागे उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे त्यात पडे आणि वर्षाअखेर शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या उकिरड्याचे पांग दरसाल मृगापूर्वी फिटत असत. जुन्या लुगड्याची गोधडी होई. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई, कल्हईवाला जुनी भांडी नवी करी, पिंजारी जुना कापूस पुन्हा पिंजून देई.

हे वर्णन ऐकून कोणी म्हणेल, काय सुंदर काळ होता! येथे मात्र आम्ही श्रोत्यांना क्षणभर थांबवू इच्छितो. हे सारे फुकट आणि आपोआप होत नव्हते. मेलेले गुरे ओढणे, त्याचे कातडे सोलणे, गाव झाडणे, मैला वाहणे ही कामे ठराविक जातींच्या माथी जन्मतःच मारलेली होती. ती नाकारण्याची सोय नव्हती आणि त्यांचा मोबदला म्हणजे उरलेसुरले अन्न व वर शिवाशिव. गाव स्वच्छ राही, आणि गाव स्वच्छ ठेवणारा माणूस गावाबाहेर राही. म्हणूनच १९२७ साली महाडच्या परिषदेच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडण्यास आणि गुरे ओढण्याचे काम टाकून देण्यास सांगितले, तेव्हा गावोगावी खळबळ उडाली. जन्माने लादलेले काम माणसे नाकारू लागली की त्या कामाची खरी किंमत समाजाला कळू लागते. एरवी संपाने जी जाण येते तीच ही जाण होती.

या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घालणारा एक माणूस कोकणात होऊन गेला. त्याचे नाव अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, भंगीकाम आपल्यालाही करू द्यावे अशी या ब्राह्मण सत्याग्रह्याची मागणी होती. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी ती नाकारली म्हणून अप्पांनी उपोषण आरंभिले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ अप्पांनी गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे मेलेल्या जनावरांचे चामडे, हाडे, मांस यांचा उपयोग करण्याचे केंद्र उभे राहिले आणि मैल्यापासून हात न लावता खत मिळावे अशा रचनेचा 'गोपुरी संडास' लोकांना शिकवला गेला. अप्पांनी ओळखलेली गोष्ट मोलाची आहे. टाकाऊ पदार्थाचे खत करण्यास फारशी विद्या लागत नाही. त्या कामाला चिकटलेली जात काढून टाकण्यास मात्र फार मोठे धैर्य लागते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत बसवली. तिला आज शेतकरी त्यांच्या नावावरूनच 'नाडेप' म्हणतात. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावे झाडीत हिंडले. १९५६ मध्ये ते गेले, आणि २०००-०१ पासून राज्य सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. खेड्यांचा हा वारसा आपल्यापाशी आहे.

आता शहराकडे वळू. मुंबईची वस्ती वाढली, गिरण्या आल्या, चाळी आल्या, आणि उकिरड्याला जागा उरली नाही. मग शहराने तोडगा काढला तो कचरा दूर नेऊन टाकण्याचा. आज हार्बर मार्गावर ज्या रुळांवरून लाखो माणसे कामाला जातात, त्यातला कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली मुख्यतः शहराचा कचरा वाहण्यासाठी घातला गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या मार्गावर उतारूंच्या गाड्या १९२४ मध्ये सुरू झाल्या. योगायोग असा की आपले खार स्टेशनही त्याच साली उघडले. उपनगर जन्माला येत होते आणि त्याच वेळी शहराचा कचरा उपनगरात येऊन पडत होता. १९२७ पासून देवनारची कचराभूमी सुरू झाली. पुढे मालाड, गोराई, मुलुंड येथे ढीग उभे राहिले. शहराने कचरा टाकायचा आणि उपनगराने तो सोसायचा, हा या शतकभराच्या व्यवहाराचा सारांश.

या ढिगांवर माणसे राहू लागली, कारण त्यांत पोट भरण्यापुरती कमाई होती. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक, हाड, चिंधी हे वेचून विकणारी बाई सर्वांत खालच्या पायरीवर. तिच्याकडून माल घेणारा गल्लीतला भंगारवाला दुसऱ्या पायरीवर. त्याच्यावर एकाच जातीचा माल साठवणारा घाऊक व्यापारी, आणि सर्वांत वर कारखानदार. धारावीच्या तेरा कंपाउंडात जाऊन पाहावे. प्लॅस्टिकचा तुकडा हातात घेऊन, वाकवून, वेळप्रसंगी पेटवून त्याच्या वासावरून तो कोणत्या जातीचा हे सांगणारे कारागीर तेथे बसलेले असतात. माल निवडायचा, दळायचा, धुवायचा, वितळवून दाणे पाडायचे, की झाला नव्या बादलीचा कच्चा माल तयार. कोणत्याही रसायनशाळेच्या तोडीचे हे ज्ञान आहे. पण प्रत्येक पायरीवर भाव वाढत जातो आणि वाढीचा वाटा वर राहतो. खालच्या बाईला वजनाने पैसे मिळतात. काटा दुकानदाराचा, भावही दुकानदाराचाच. आजारी पडली तर त्या दिवशीची चूल बंद. तिला धनी नाही, म्हणून ती कायद्याने कामगार नाही. कामगार नाही म्हणून रजा नाही, विमा नाही, म्हातारपणाची सोय नाही.

हे कोडे प्रथम सोडवले ते पुण्याच्या बायकांनी. पुण्यातल्या कचरावेचक बायकांपैकी पुष्कळजणी दलित समाजातल्या, आणि कित्येक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याकडून निघालेली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या वस्त्यांत काम करीत होत्या. घरोघरी कचरा वेगळा करून घेतला तर बायकांना कुंडीत हात घालावा लागणार नाही, असा प्रयोग त्यांनी केला. तो जमू लागला तोच एका धंदेवाल्याने मोटारगाडी घेऊन तोच माल उचलण्याचा घाट घातला. बायका खवळल्या. कुंडीतला माल जोवर घाण होता तोवर तो आमचा, आणि स्वच्छ झाला की तुमचा, हा कुठला न्याय? त्या लढ्यातून मे १९९३ मध्ये कचरावेचकांची परिषद भरली. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. त्या परिषदेतून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' जन्मली.

नावातला 'कष्टकरी' हा शब्द ध्यानी घ्यावा. हमालालाही एक धनी नसतो. तरी महाराष्ट्रात संघटनेच्या बळावर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोते वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. हाच धडा पंचायतीने गिरवला. आम्ही भीक मागत नाही, आम्ही शहराचे काम करतो, हे म्हणणे तिने पुढे मांडले. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महानगरपालिकांनी या बायकांना ओळखपत्रे दिली. ज्या बाईला पोलीस चोर समजून हटकीत होते तिच्या गळ्यात महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र आले. पतसंस्था निघाली, सावकाराचा पाश सैल झाला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्याच्या भंगार व्यवसायाची पाहणी झाली. प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे काम महापालिकेसाठी विनामोबदला करते, असा तिचा हिशेब होता. आकडा आज लहान वाटेल. पण जिला शहरावरचे ओझे समजत होते तिचेच शहर देणे लागते, हे त्या आकड्याने कागदावर सिद्ध केले. युनियनच्या कामात असा एक आकडा शंभर भाषणांच्या बरोबरीचा असतो.

पुढचे पाऊल २००८ मधले. पंचायतीच्या बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आणि पुणे महानगरपालिका यांच्यात करार झाला. बायकांनी दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी ठराविक शुल्क घ्यायचे, सुका माल स्वतः विकायचा आणि उरलेला पालिकेच्या गाडीत द्यायचा. कंत्राटदार मधून गेला. हजारो बायका या संस्थेच्या सभासद आहेत. कराराची मुदत संपत आली की दरवेळी जीव टांगणीला लागतो, मोठ्या ठेकेदारांची नजर असतेच. पण मागे फिरणे आता सोपे राहिलेले नाही.

मुंबईत काय घडले? घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करून खत करण्यास आरंभ केला, आणि त्याच धर्तीवर महापालिकेने गल्लीगल्लीत नागरिकांच्या समित्यांची योजना आणली. स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने १९९८ पासून 'परिसर विकास' हे काम चालवले. कचरा वेचणाऱ्या बायकांना खत करणे, बाग राखणे, ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारी संयंत्रे चालवणे शिकवले. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रावर निरक्षर बायका काम करू लागल्या.

कचऱ्याच्या गाड्यांवर काम करणाऱ्या कंत्राटी मजुरांची कहाणी निराळी, पण धडा तोच. १९९७ मध्ये मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' उभा राहिला. या मजुरांना ना हातमोजे, ना धुण्यासाठी पाणी, ना किमान वेतन. कागदोपत्री ते पालिकेचे नव्हतेच. पुढे झोपडपट्ट्यांसाठी 'दत्तक वस्ती योजना' आली, तीत झाडणाऱ्याला स्वयंसेवक म्हटले आणि त्याच्या मजुरीला मानधन. शब्द बदलला की कायदा चुकवता येतो, हे मालकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संघाने न्यायासनापुढे वर्षानुवर्षे झगडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. या लढ्याला वीस वर्षे लागली आणि त्या अवधीत कित्येक कामगार निवृत्तीचे वय न गाठताच मरण पावले, हेही विसरता कामा नये.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे समजू नये. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर सिउदाद हुआरेझ नावाचे शहर आहे. तेथील कचराभूमीवर माल वेचणाऱ्यांना तिकडे 'पेपेनादोर' म्हणतात. सारा माल एकाच मक्तेदाराला विकण्याची त्यांच्यावर सक्ती होती, आणि भाव तो म्हणेल तो. १९७५ मध्ये त्यांनी 'सोकोसेमा' ही सहकारी संस्था काढली, मक्ता तिच्याकडे आला आणि सभासदांची कमाई थोड्याच काळात अनेक पटींनी वाढली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात कचरावेचकांनी न्यायालयात जाऊन ठेक्यांमधला आपला हक्क मिळवला आणि २०१३ पासून शहर त्यांना उचललेल्या मालाच्या वजनावर मोबदला देऊ लागले. भाषा निराळ्या, वर्ण निराळे, पण काटा आणि मक्तेदार सगळीकडे सारखाच.

कचऱ्याचा ढीग कमी होत नाही याचे कारणही या हिशेबातच आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळत असतील तर ठेकेदाराला जास्त टन हवेत. कचरा वेगळा होऊन गल्लीतच जिरला तर त्याचे बिल घटते. उलट वेचक बाईची कमाई वेगळे करण्यावर अवलंबून. एकाचा नफा मिसळण्यात, दुसरीचे पोट निवडण्यात. शहराने कोणाच्या हाती कारभार द्यावा, हे यावरून ठरवायला शहाणपण लागत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा ढीग पेटला आणि त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्याच वर्षी केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नवे नियम आले आणि त्यांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे असे स्पष्ट लिहिले गेले. नियम झाला. पण नियम कागदावरून गल्लीत आणणारी शक्ती संघटनेचीच असते.

आता पुन्हा खारदांड्याच्या किनाऱ्यावर येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबली, हे आपण भोगले आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी डोळजाळे वर ओढले की मासळीबरोबर पिशव्या आणि बाटल्या येतातच. शहराने टाकलेला कचरा कोळी फुकटात समुद्रातून काढतो आणि त्याचा वेळ, डिझेल, जाळे यांचा तोटा सोसतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांनी स्वयंसेवकांसह साफसफाई केली, तिचे जगाने कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण उत्साहाने केलेली सफाई एका पावसाळ्यात वाया जाते. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लॅस्टिक बंदरावर आणून देण्याची रीत सुरू झाली. तेथे कोळी समाजातल्याच बायका ते निवडतात, धुतात, त्याचा भुगा होतो आणि तो डांबरात मिसळून रस्त्याला वापरतात. निवडणाऱ्या बायकांना मजुरी मिळते. खारदांड्याला हे जमू नये असे काही नाही.

आमच्या अल्पमतीप्रमाणे येथील नागरिकांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, ओले व सुके घरातच वेगळे करावे. ज्या बाईच्या हातात ते जाणार तिच्याविषयीचा हा साधा आदर आहे. दुसरी, आपल्या गल्लीचा कचरा नेणारीचे नाव विचारावे आणि तिला महापालिकेचे ओळखपत्र आहे काय हे पाहावे. तिसरी, एच-पश्चिम विभागाच्या कचेरीकडे कचरा निवडण्यासाठी छप्पर, पाणी आणि काटा असलेली जागा मागावी, आणि ती ठेकेदाराच्या नव्हे, काम करणाऱ्यांच्या संस्थेच्या ताब्यात मागावी. चौथी, कोळी बांधवांच्या सोसायट्यांनी जाळ्यात आलेल्या प्लॅस्टिकचा रोजचा हिशेब ठेवावा. हिशेब असला की उद्या मोबदला मागता येतो. पुण्याच्या बायकांनी तो कागदावर आणला म्हणून त्यांचे म्हणणे ऐकले गेले.

मुंबईत आज दररोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो. तो कमी करण्याची यंत्रे येतील, जातील. परंतु निवडण्याचे काम शेवटी डोळ्यांनी आणि हातांनीच होते. ते हात कोणाचे आहेत हे आता आपणांस ठाऊक झाले आहे. त्यांना मजुरी, हातमोजे, विमा आणि मान मिळेल तेव्हाच या शहराचा कचरा खऱ्या अर्थाने उचलला जाईल. तोवर तो एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात हलत राहील, आणि त्याचा काही भाग भरतीबरोबर आपल्या दांड्यावर परत येत राहील.